घरगुती आणि औद्योगिक चिकटद्रव्ये: कोणत्या जोडाला काय लावावे

चिकटद्रव्याला दोन कामे लागोपाठ करावी लागतात. आधी पातळ राहून पृष्ठभागाच्या बारीकसारीक खाचांत उतरायचे, आणि मग तिथेच घट्ट व्हायचे. घट्ट होण्याचे मार्ग मोजकेच आहेत. पांढऱ्या गोंदातले पाणी उडून जाते. सनमाईकाच्या गमातले द्रावक उडते. एपॉक्सीच्या दोन घटकांची रासायनिक क्रिया होते, इन्स्टंट गमला हवेतली आर्द्रता लागते, तर हॉट मेल्ट वितळवून लावतात आणि ते निवले की धरते. घरातली ट्यूब असो की कारखान्यातले पिंप, रसायनांची कुळे बहुतेक तीच असतात. तो जोड कोण, कुठे आणि कोणत्या परिस्थितीत बसवणार आहे, यावरून त्यांचे घरगुती आणि औद्योगिक असे दोन वर्ग पडतात.

घरगुती चिकटद्रव्य बनवणारा काही गोष्टी गृहीत धरतो: वापरणारा वजनकाटा काढणार नाही, पृष्ठभाग नीट पुसेलच असे नाही, जोड दाबून धरायला हातापलीकडे काही नसेल, आणि भट्टी तर नसणारच. म्हणून त्या मालात चुका पोटात घालण्याची सोय असते. त्या सोयीची किंमत उष्णता आणि पाणी सोसण्याच्या ताकदीत मोजावी लागते. औद्योगिक माल उलट्या बाजूने विचार करून बनवलेला असतो. तिथे धातू आधी तेलमुक्त करतात, खरवडतात, प्रसंगी प्रायमर लावतात. दोन घटकांचे प्रमाण यंत्र राखते. दाब, तापमान आणि वेळ ठरलेली असते. ताकदीचा मोठा वाटा या शिस्तीतून येतो. त्यामुळे ‘कारखान्याचा गम म्हणजे जास्त पक्का’ ही समजूत अर्धीच खरी आहे. भट्टीत तापवायचे एपॉक्सी घरच्या ओट्यावर लावले, तर ते अर्धवट शिजते आणि साध्या ट्यूबपेक्षाही कच्चा जोड देते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात यात हवामानाची भर पडते. पांढरकवड्याला मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो आणि हवा इतकी कोरडी असते की दारे-खिडक्यांचे सांधे उघडे पडतात. पावसाळ्यात तीच दारे फुगून चौकटीत अडकतात. डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो. डब्यावरच्या सूचना मात्र साधारण २५ अंशांची खोली धरून लिहिलेल्या असतात. इथल्या माणसाने त्या सूचना वाचाव्यात, पण घड्याळ आपल्या उन्हाप्रमाणे लावावे.

लाकूडकामातला पांढरा गोंद हा सर्वांत परिचयाचा. तो म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे पाण्यातले मिश्रण. फेविकॉल १९५९ मध्ये बाजारात आले. त्याआधी सुतारकामात सरस चाले. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला, दर वेळी तापवून लावावा लागणारा आणि ओल लागली की सुटणारा. नव्या गोंदाने ती कटकट संपवली. आज घरातला बहुतेक लाकडी जोड याच गोंदावर उभा असतो आणि नीट बसवलेला जोड लाकडापेक्षा मजबूत ठरतो. हे तपासणे सोपे आहे. टाकाऊ तुकड्यांवर एक जोड करून, पूर्ण वाळल्यावर हातोडीने तोडून पाहावा. तुटलेल्या तोंडावर दोन्हीकडे लाकडाचे तंतू उपटून आले असतील, तर गोंदाने आपले काम केले आहे. एका बाजूला गुळगुळीत पांढरट पापुद्रा आणि दुसऱ्या बाजूला कोरे लाकूड दिसले, तर पृष्ठभागाची तयारी चुकली असे समजावे.

तयारी चुकण्याचे इथले नेहमीचे कारण म्हणजे साग. या भागात दारे-चौकटी सागाच्याच हव्या असतात, आणि सागाच्या लाकडात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात. वाळवी आणि पाणी त्यांमुळे दूर राहते, गोंदही दूर राहतो. रंधा मारल्यावर काही दिवस पडून राहिलेल्या सागाच्या तोंडाशी ही द्रव्ये गोळा होतात. म्हणून सागाचा जोड रंधा मारल्याच्या दिवशीच बसवावा; ते जमत नसेल तर ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने तोंड पुसून, ते उडाले की लगेच गोंद लावावा. कुसू आणि खाच या दोन्हींना पातळ हात द्यावा आणि जोड शिकंज्यात घट्ट धरावा. मे महिन्यात दुपारी बारा वाजता पंख्याखाली हे काम केले, तर शिकंजा आवळेपर्यंत गोंदावर साय धरते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करावे. उलट डिसेंबरच्या पहाटे गार खोलीत लावलेला गोंद कधी कधी खडूसारखा भुरभुरीत वाळतो, कारण ठरावीक तापमानाखाली त्याचे कण एकमेकांत मिसळून अखंड पापुद्रा होतच नाही. तिथे ऊन चढेपर्यंत थांबणे हाच उपाय.

या गोंदाची खरी मर्यादा वेगळी आहे, आणि विदर्भात ती जास्त जाणवते. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट उष्णतेने मऊ पडते. सतत भार असलेला जोड, उदाहरणार्थ पत्र्याच्या छपराखालची पुस्तकांनी भरलेली फळी, उन्हाळाभर तापत राहिली तर न तुटता हळूहळू सरकते. पावसाळा संपेपर्यंत ती बोटभर झुकलेली दिसते. अशा जागी गोंद फक्त साहाय्याला ठेवावा आणि भार कुसू, खिळा किंवा स्क्रूवर टाकावा. बाथरूमचे दार आणि सिंकखालचे कपाट यांना साधा पांढरा गोंद पुरत नाही. तिथे पाणी सोसणारा ‘मरीन’ प्रकार घ्यावा. दारापुढच्या उघड्या लाकडी कठड्याला तोही फार वर्षे पुरेल अशी आशा धरू नये.

औद्योगिक चिकटद्रव्य घरात येत नाही असे वाटते, पण ते प्लायवूडच्या रूपाने कधीच आलेले असते. प्लायवूडचे पापुद्रे युरिया-फॉर्मल्डिहाइड किंवा फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिनने, गरम प्रेसमध्ये दाबून एक केलेले असतात. खरेदी करताना लाकडाचे नाव विचारण्यापेक्षा रेझिनचा दर्जा विचारणे जास्त उपयोगाचे. आयएस ३०३ या मानकात ‘एमआर’ म्हणजे दमट हवा सोसणारे आणि ‘बीडब्ल्यूआर’ म्हणजे उकळते पाणी काही काळ सोसणारे, असे दर्जे आलेले आहेत. आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचे मानक. त्याच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून मग त्याचा जोड तपासतात. घरी कोणी असा जोड बनवू शकत नाही, पण शिक्का वाचू शकतो. पलंग आणि पुस्तकांच्या कपाटाला एमआर चालते. स्वयंपाकघराला बीडब्ल्यूआर घ्यावे आणि सिंकखाली आयएस ७१०. युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या स्वस्त फळ्यांतून फॉर्मल्डिहाइड वायू बरेच दिवस सुटत राहतो आणि उन्हाळ्यात जास्त सुटतो. नव्या फर्निचरच्या बंद खोलीत डोळे चुरचुरतात ते यामुळे. फळीच्या कापलेल्या कडा पट्टी लावून बंद कराव्यात आणि पहिले काही आठवडे खोली मोकळी ठेवावी.

सनमाईका प्लायवूडवर बसवायला पिवळसर, वासाचा गम वापरतात. हा निओप्रीन रबर द्रावकात विरघळवून केलेला असतो. चप्पल-बुटांच्या कारखान्यात चालतो त्या गमचेच हे भावंड. हा गम दोन्ही पृष्ठभागांवर लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यावा लागतो आणि मगच दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर आणावेत. एकदा टेकले की सरकवता येत नाही. ओला असतानाच बसवला तर द्रावक आत कोंडते आणि पहिल्याच उन्हाळ्यात सनमाईकाला फुगे येतात. यातले टोल्युइनसारखे द्रावक सुमारे ४ अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ देऊ लागते. म्हणजे केळापुरात वर्षभर, अगदी थंडीतही, उघडा डबा ही आगीची तयारी असते. गॅसची शेगडी, देव्हाऱ्यातला दिवा, कोणाची विडी, सगळे दूर असावे.

इन्स्टंट गमचे रसायन सायनोॲक्रिलेट. अमेरिकेत हॅरी कूव्हर यांच्या गटाला ते १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना सापडले आणि सगळ्याला चिकटते म्हणून बाजूला टाकले गेले; विक्रीला ते १९५८ मध्ये आले. हे हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या आर्द्रतेने घट्ट होते. म्हणून जुलैत क्षणात धरते आणि मेच्या कोरड्या दुपारी रेंगाळते. रेंगाळले म्हणून आणखी थेंब टाकणे ही हमखास होणारी चूक. हा गम पातळ थरातच चालतो. थर जाड झाला की मधला भाग कच्चा राहतो. तुटलेल्या तोंडावर श्वासाची एक वाफ सोडून एकच थेंब लावावा आणि तोंडे नेमकी जुळवून दाबावीत. चिनी मातीचा कान तुटलेला कप यातून जुळतो, पण त्या कपात रोज चहा ओतू नये. उष्णता आणि गरम पाण्याने हा जोड हळूहळू ढिला होतो.

कापसाच्या मुलखात या गमची एक गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे. सायनोॲक्रिलेट कापसावर किंवा लोकरीवर सांडले, तर ते एकदम झपाट्याने घट्ट होते आणि त्या क्रियेत बरीच उष्णता सुटते. कापसाच्या बोळ्यावर काही थेंब पडले की क्षणभरात पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो आणि बोळा हातात धरवत नाही. सुती पँटवर ट्यूब फुटली तर खालची कातडी भाजते. म्हणून सांडलेला गम कापसाच्या बोळ्याने किंवा सुती फडक्याने कधीच टिपू नये, आणि हे काम करताना सुती हातमोजे घालू नयेत. सरकीसकट कापूस भरलेल्या घरात तर हे काम अंगणातच करावे.

एपॉक्सीचे दोन घटक असतात, रेझिन आणि हार्डनर, आणि घरगुती व औद्योगिक यांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो इथेच. ॲराल्डाइटचा साधा प्रकार आकारमानाने समसमान घेतात. वजनाने तेच प्रमाण १०० भाग रेझिनला ८० भाग हार्डनर असे होते, कारण हार्डनर हलके. ‘लवकर वाळावे’ म्हणून हार्डनर वाढवणारे पुष्कळ. त्याने वेग वाढत नाही. जोडीला कोणी नसलेले हार्डनर आत तसेच राहते आणि जोड रबरासारखा लिबलिबीत होतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम लक्षात ठेवावा. २५ अंशांना तासभर कामाजोगे राहणारे मिश्रण ४५ अंशांना पाव तासात घट्ट होऊ लागते. वाटीत ढीग करून ठेवले तर त्याची उष्णता त्यालाच तापवते आणि प्लास्टिकची वाटी वाकते. थोडे थोडे मिसळावे, आणि वाटीऐवजी फरशीच्या तुकड्यावर पसरून मिसळावे.

नीट तयार केलेल्या पोलादावर चांगले एपॉक्सी दर चौरस सेंटीमीटरला २०० किलोच्या आसपास भार पेलते. हा आकडा ऐकून फसगत होते, कारण तो दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून समांतर ओढल्यावरचा आहे. तोच जोड एका कडेकडून उचलून सोलत नेला तर फार कमी जोरात निघतो. कारखान्यात अभियंते जोडाची रचनाच अशी करतात की ताण समांतर यावा आणि चिकटलेले क्षेत्र मोठे असावे. घरीही हेच करता येते. तुटलेली कडी नुसती टोकाला टोक लावून जोडण्याऐवजी मागून पत्र्याची पट्टी देऊन जोडावी. घरगुती एपॉक्सी साधारण ५०-६० अंशांपुढे मऊ पडू लागते, त्यामुळे इंजिनजवळचा किंवा चुलीजवळचा भाग त्याने जोडू नये. भट्टीत पक्के होणारे औद्योगिक एपॉक्सी याच्या दुपटीपेक्षा जास्त तापमान सोसते. पण भट्टी नसेल तर ते विकत घेण्यात अर्थ नाही.

शेतातले जोड हा घरगुती आणि औद्योगिक यांच्या मधला प्रांत. पीव्हीसी पाइपचे सोल्युशन मुळात चिकटवतच नाही. त्यातले टेट्राहायड्रोफ्युरानसारखे द्रावक पाइपचा आणि सॉकेटचा पृष्ठभाग विरघळवते, दोन्हींचे पीव्हीसी एकमेकांत मिसळते आणि द्रावक उडाल्यावर जोड अखंड होतो. आयएस १४१८२ हे या सोल्युशनचे मानक. पाइपचे टोक सरळ कापावे, कडेचा कचरा काढावा, पॉलिश पेपरने चकाकी घालवावी, दोन्हींना पातळ हात द्यावा, पाव फेरा फिरवत तळापर्यंत घुसवावे आणि अर्धा मिनिट धरून ठेवावे. शेतातल्या उन्हात पाइप इतका तापलेला असतो की घुसवण्याआधीच सोल्युशन सुकते. पाइप झाडाखाली निवू द्यावा किंवा सकाळीच काम उरकावे. मोटर दुसऱ्या दिवशी सुरू करावी. डब्यातले सोल्युशन घट्ट झाले तर त्यात थिनर किंवा पेट्रोल ओतून पातळ करू नये, टाकून द्यावे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तेव्हा पुरलेल्या पाइपावर मोठा ताण येतो. चांगला जोडही यात उखडतो. चराच्या तळाशी वाळूचा थर द्यावा, मग दोष सोल्युशनवर येत नाही.

ठिबकच्या काळ्या नळ्या, तुषार संचाचे पाइप, पाण्याच्या टाक्या आणि पाठीवरचे फवारणी पंप यांना मात्र कोणताच घरगुती गम धरत नाही. हे पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन. त्यांच्या पृष्ठभागावर द्रव पसरतच नाही, मेणावरच्या पाण्यासारखा गोळा होतो. ओळखण्याची खूण वस्तूच्या तळाशी असते: त्रिकोणातला आकडा २ किंवा ४ असेल तर पॉलिथिलीन, ५ असेल तर पॉलिप्रोपिलीन, ३ असेल तर पीव्हीसी. कारखान्यात अशा प्लास्टिकवरून आधी ज्योत फिरवतात किंवा विजेचा झोत सोडतात आणि मग चिकटवतात. शेतकऱ्याने तिथे गम शोधूच नये. ठिबकच्या नळीला जॉइनर वापरावा. मोठा पाइप किंवा पाण्याची टाकी त्याच प्लास्टिकच्या कांडीने गरम हवेवर वेल्ड करून घ्यावी.

फवारणी पंपाच्या बाबतीत डागडुजीचा विचारही नको. तडा गेलेल्या टाकीवर एम-सील या एपॉक्सी पुटीचा थापा लावून काम भागवले जाते. तो थापा पॉलिथिलीनला धरलेला नसतो, नुसता अडकून बसलेला असतो. पंप मारताना टाकी दबली की सुटतो आणि औषध पाठीवर झिरपते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, पण अंगावर औषध मुरणे हा अशा विषबाधेचा मोठा मार्ग आहे. अनेक पंपांची टाकी सुटी विकत मिळते. तडा दिसला की तीच घ्यावी.

काही कामांत औद्योगिक मालाला घरगुती पर्याय नाही. नागपूर-हैदराबाद महामार्गावर गाड्यांच्या पुढच्या काचा फुटणे नित्याचे आहे. आधुनिक गाडीची काच पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते आणि गाडीच्या सांगाड्याला मजबुती देण्यात तिचाही वाटा असतो. तिथे बाथरूमचे सिलिकॉन लावून दिलेली काच पाणी अडवते, अपघातात टिकत नाही. काच बसवल्यावर किती तासांनी गाडी काढायची हे पॉलियुरेथेनच्या नळीवर लिहिलेले असते, ते विचारून घ्यावे. सिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन लोखंडाला गंजवते, हेही लक्षात ठेवण्याजोगे. जिनिंगच्या यंत्रांत, थ्रेशरमध्ये, ट्रॅक्टरवर कंपनाने बोल्ट ढिले होतात. तिथे थ्रेडलॉकर हे औद्योगिक द्रव्य अत्यंत सोपे आणि घरीही वापरण्याजोगे आहे. ते हवा नसेल तरच, धातूच्या सान्निध्यात घट्ट होते. त्याची बाटली अर्धीमुर्धी रिकामी दिसते ती कमी मापामुळे नसून, आतल्या हवेने ते पातळ राहावे म्हणून. बहुतेक कंपन्यांत निळे द्रव्य पान्याने सुटते आणि लाल द्रव्य तापवल्याशिवाय सुटत नाही. नेहमी उघडावा लागणाऱ्या बोल्टला लाल लावणाऱ्याला पुढच्या हंगामात गॅस कटर शोधावा लागतो.

साठवणूक इथल्या घरांत अवघड आहे, कारण दुपारी सगळेच तापते. पांढरा गोंद आणि एपॉक्सी घरातल्या सर्वांत थंड, मधल्या खोलीच्या खालच्या फडताळात ठेवावे. न उघडलेली इन्स्टंट गमची ट्यूब हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली तर जास्त टिकते. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर आत दव धरते. द्रावकाचे डबे घरात नकोत आणि पत्र्याच्या खोलीत तर नकोतच. पंक्चरचे सोल्युशन आणि सनमाईकाचा गम मुलांच्या हाती लागू देऊ नये. वाफ हुंगण्याची सवय लागते आणि ती मेंदू-हृदयाला घातक असते. औद्योगिक डबा घेताना त्याचे सुरक्षा पत्रक मागावे. विक्रेता ते देऊ शकत नसेल तर तो डबा सुटा भरलेला असण्याची शक्यता धरावी. बोटे इन्स्टंट गमने चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत, कातडीवर थोडे ॲसिटोन चालते. डोळ्यात उडाले तर ॲसिटोन मुळीच लावू नये, पापण्या जबरीने उघडू नयेत. कोमट पाण्याने धूत राहावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.